श्री. क्ष यांचा गुन्हा

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नोबेल व्याख्यान द्यायला उभे राहिले. पेनिसिलिनचा शोध कसा लागला ते सांगून झाल्यावर, व्याख्यान संपता संपता त्यांनी एक छोटी काल्पनिक गोष्ट सांगितली. गोष्टीतल्या पात्रांना नाव नाही, फक्त एक अक्षर आहे. बीजगणिताच्या तासाला अशा वेळी आपण जे अक्षर वापरतो तेच येथे घेऊ आणि त्यांना श्री. क्ष व सौ. क्ष म्हणू.

श्री. क्ष यांचा घसा दुखतो. ते आपल्याच मनाने पेनिसिलिन घेतात, पण अपुरे. तेवढ्याने घशातले स्ट्रेप्टोकोकस मरत नाहीत. उलट पेनिसिलिनला तोंड कसे द्यावे याचे शिक्षण त्यांना मिळते. पुढे ते जंतू सौ. क्ष यांना लागतात. त्यांना न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, त्याचा उपयोग होत नाही आणि त्या दगावतात. या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंग यांचे उत्तर आहे : श्री. क्ष. आणि तात्पर्य : पेनिसिलिन घ्यायचे तर पुरेसे घ्या.

गोष्ट जेमतेम आठ-दहा वाक्यांची आहे, पण विज्ञानाच्या प्रसारात इतका लांबचा प्रवास केलेली गोष्ट क्वचितच सापडेल. आरोग्यकेंद्राच्या भिंतीवरचे तक्ते, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळेतले धडे, सगळीकडे ती वेगवेगळ्या पोशाखात भेटते. औषध अर्धवट सोडले की जंतू औषधाला ‘सरावतात’, ‘निर्ढावतात’. आम्हीही ती वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळदा सांगितली आहे. तेव्हा तिच्यावरची ही टीका थोडीफार स्वतःवरचीही आहे.

निमित्त घडले ते एका शिक्षक-शिबिरात. उत्क्रांतीवरचे आमचे सत्र संपल्यावर एका माध्यमिक शाळेतल्या बाई मागे थांबल्या. त्यांच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा मेंदूज्वराने, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज येऊन गेला होता. पाठीतून काढलेल्या पाण्यात न्यूमोकोकस सापडला आणि तो पेनिसिलिनला दाद देणारा नव्हता. आदल्या वर्षी या मुलाचा खोकला बरा झाल्यावर आईने उरलेल्या तीन-चार गोळ्या दिल्या नव्हत्या. कोणीतरी तिला ते बोलून दाखवले, आणि तेव्हापासून मुलाचा जीव आपणच घेतला असे ती माउली धरून बसली आहे. ‘सर, तिच्या थोरल्या मुलीला हा धडा मीच शिकवलाय,’ बाई म्हणाल्या. ‘खरंच असं होतं का हो?’ आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. नीट उत्तर द्यायचे तर फ्लेमिंग यांची गोष्ट पुन्हा एकदा तपासायला हवी.

पहिला आक्षेप ‘शिक्षण’ या शब्दाला. फ्लेमिंग यांनी तो विनोदाने वापरला असेल, पण गोष्टीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. परीक्षानळीत पेनिसिलिनची मात्रा हळूहळू वाढवत नेली तर जीवाणू अधिकाधिक चिवट होत जातात हे त्यांनी पाहिले होते आणि ते खरेच आहे. मात्र असे होते तेव्हा एखादा जीवाणू औषध पाहून बदलत नाही. लाखो-कोटी जीवाणूंत एखाद्याच्या जनुकात आधीच, अपघाताने बदल झालेला असतो. औषधामुळे इतर मरतात आणि तो उरतो. विषाणूंना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर प्रयोग करून लुरिया आणि डेलब्रुक यांनी हे १९४३ मध्येच दाखवले होते. म्हणजे गोष्ट सांगितली गेली तेव्हाही ती दोन वर्षे मागे होती. शिक्षकांना आम्ही एवढेच सांगू, की ‘सरावणे’ हा शब्द मुलांच्या मनात जिराफाने मान ताणल्याचे चित्र उभे करतो, आणि ते चित्र पुसायला पुढे फार कष्ट पडतात.

दुसरी गंमत खुद्द पात्राच्या निवडीत आहे. घसादुखीचा नेहमीचा स्ट्रेप्टोकोकस म्हणजे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. जगभरातले असंख्य श्री. क्ष गेली ऐंशी वर्षे कमी-जास्त पेनिसिलिन घेत आले, आणि हा जीवाणू अजून पेनिसिलिनपुढे मान तुकवतो. त्याच्या एका प्रथिनात किंचित फरक पडलेले वाण अलीकडे आढळले आहेत, पण औषध अद्याप त्यांना पुरून उरते. निष्काळजीपणाने शिक्षण मिळत असते तर या विद्यार्थ्याने केव्हाच पदवी घेतली असती. त्याच्याच प्रजातीतला न्यूमोकोकस मात्र १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला कमी दाद देताना आढळला, आणि १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये तर पेनिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉल दोन्हींना न जुमानणारे न्यूमोकोकस आजारी मुलांत सापडले. दोघा भावंडांत हा फरक का पडावा, याचे उत्तर श्री. क्ष यांच्या गोष्टीत मिळत नाही. ते मिळते मेंदूज्वराच्या जीवाणूंच्या घरी गेल्यावर.

हे घर म्हणजे मेंदू नव्हे. मेंदूज्वराला कारण होणारे नेहमीचे जीवाणू, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, माणसाच्या नाका-घशात राहतात आणि बहुतेक वेळ कोणाला काही त्रास देत नाहीत. लहान मुलांच्या नाकात न्यूमोकोकस असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. मेनिंगोकोकसही दहा माणसांत साधारण एकाच्या घशात सापडतो. क्वचित त्यातला एखादा रक्तात उतरतो आणि तेथून मेंदूच्या आवरणात जातो. रोग्याच्या दृष्टीने हा घाला, पण जीवाणूच्या दृष्टीनेही ही आडवाटच. कारण मेंदूभोवतीच्या पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या घशात जाण्याचा रस्ता नाही. तेथे पोचलेल्याचा वंश तेथेच खुंटतो. म्हणून या जीवाणूंची उत्क्रांती घडते ती धडधाकट माणसांच्या घशात. आपल्या गोष्टीत मात्र कॅमेरा सतत रोग्याच्या खाटेवर रोखलेला असतो.

फ्लेमिंग यांचे तात्पर्य लष्करी शिस्तीत पाळून पाहिल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेच्या छावण्यांत मेनिंगोकोकसची साथ येऊ नये म्हणून निरोगी सैनिकांनाही सरसकट सल्फा औषधे दिली जात. येथे आपल्या मनाने चार गोळ्या घेणारा कोणी नव्हता. मात्रा ठरवून दिलेली होती. पुष्कळ वर्षे हा उपाय उत्तम चालला. १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या तळांवर सल्फाला न जुमानणारे मेनिंगोकोकस पसरले आणि उपाय कोसळला. पुढे १९९२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी या प्रतिरोधाचे जनुक वाचले, तेव्हा काही वाणांत त्या जनुकाचे तुकडे मेनिंगोकोकसचे वाटेचनात.

असेच पेनिसिलिनचे. या प्रकरणाचा सर्वांत सुरेख उलगडा इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात ब्रायन स्प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केला. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते. मेनिंगोकोकसमध्ये अशा एका विकराचे जनुक आहे पेनए. स्प्रॅट यांनी पेनिसिलिनला दाद देणाऱ्या आणि कमी दाद देणाऱ्या मेनिंगोकोकसमधले हे जनुक शेजारी शेजारी ठेवून अक्षरशः वाचले.

येथे शिक्षकांना परिचयाचा एक दाखला देतो. निबंधाच्या दोन वह्या तपासताना पहिला परिच्छेद शब्दशः सारखा दिसतो, शेवटचाही सारखा दिसतो. पण मधले दोन परिच्छेद एकदम परके, शब्द वेगळे, वळण वेगळे. हे लेखनातले चुकून झालेले दोष नव्हेत हे तुम्ही तत्काळ ओळखता. चुका सगळ्या निबंधभर विखुरलेल्या असतात. कॉपी ठिगळासारखी दिसते. पेनए जनुकात नेमके हेच होते. बहुतेक भागात फरक ०.२ टक्क्यांहूनही कमी, आणि दोन पट्ट्यांत एकदम सुमारे २२ टक्के. विकरात त्यामुळे ४४ अमिनो आम्ले बदललेली होती. एकेक अपघाती बदल साठवत हे घडायला किती काळ लागला असता याचा अंदाज करून पाहावा. हे सारे एका-दोन घासांत आले होते. मजकूर कोणाच्या वहीतला आहे तेही सापडले : नायसेरिया फ्लॅव्हेसेन्स या जीवाणूच्या. तो मेनिंगोकोकसचाच भाऊबंद आणि एरवी निरुपद्रवी.

आम्हाला या शोधातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे. नायसेरिया फ्लॅव्हेसेन्सचे जे नमुने पेनिसिलिन वापरात येण्याआधीच्या काळापासून संग्रहात जपून ठेवले आहेत, तेही मेनिंगोकोकसच्या मानाने पेनिसिलिनला बरेच चिवट आहेत. म्हणजे त्यांना कोणत्याही श्री. क्ष यांनी काही शिकवले नव्हते. त्यांच्या विकराची घडण मुळातच अशी होती की पेनिसिलिन तिला नीट चिकटत नाही. पेनिसिलिनच्या काळाने एवढेच केले, की शेजाऱ्याचा हा तुकडा योगायोगाने ज्या मेनिंगोकोकसच्या हाती लागला होता त्याला वाढायला वाव दिला.

शेजाऱ्याचे डीएनए घेणे ही काही चमत्काराची गोष्ट नाही. मेलेल्या जीवाणूंमधून बाहेर पडलेले डीएनए हे जीवाणू आत ओढून घेतात आणि जुळता तुकडा आपल्या जनुकात बसवतात. मेनिंगोकोकस तर निवडूनही घेतो : त्याच्या जनुकसंचात दहा अक्षरांची एक ठरावीक खूण सुमारे दोन हजार ठिकाणी आहे, आणि ती खूण असलेले डीएनए तो अधिक सहज स्वीकारतो. भाऊबंदांच्या डीएनएतही ती खूण असल्याने देवघेव मुख्यतः नात्यागोत्यात होते.

आता आपल्या अभ्यासक्रमाची एक खोड पाहा. बारावीला आपण ग्रिफिथ यांचा १९२८ चा प्रयोग शिकवतो. उष्णतेने मारलेले घातक जीवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जीवाणू एकत्र टोचले की उंदीर मरतात. मग १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवले, की मेलेल्याकडून जिवंताकडे जाणारी वस्तू म्हणजे डीएनए. हे सर्व प्रयोग ज्या जीवाणूवर झाले तो न्यूमोकोकसच! पण हा धडा ‘डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य’ या मथळ्याखाली संपतो, आणि प्रतिजैविकांचा प्रतिरोध दुसऱ्या कुठल्या प्रकरणात, आरोग्याच्या सवयींबरोबर येतो. ग्रिफिथ यांच्या उंदरात जे घडले तेच आपल्या विद्यार्थ्यांच्या घशात रोज घडत असते, हे सांगणारे वाक्य दोन्हींकडे नसते. फ्लेमिंग यांचे व्याख्यान एव्हरी यांच्या निबंधानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाले. त्यांनी दोन्हींची सांगड घातली नाही याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपण अजून घातलेली नाही, याला मात्र सबब नाही.

न्यूमोकोकसने पेनिसिलिनचा प्रतिरोध असाच ठिगळे जोडून मिळवला. प्रयोगशाळेत पेनिसिलिनची मात्रा वाढवत नेऊन तयार केलेल्या वाणांत जनुकाचे सुटे सुटे एकेक अक्षर बदललेले दिसते. दवाखान्यातून आलेल्या वाणांत गोधडी दिसते, आणि तिचे तुकडे तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या निरुपद्रवी भाऊबंदांचे असतात. श्री. क्ष यांचा प्रयोग आणि निसर्गाचा प्रयोग एक नव्हेत याचा याहून स्पष्ट पुरावा नको. १९८४ मध्ये स्पेनमध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या न्यूमोकोकसच्या एका कुळातील २४० नमुन्यांचे संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये क्राउचर आणि सहकाऱ्यांनी वाचले. त्यांना देवघेवीच्या सातशेहून अधिक घटना सापडल्या. अशा जीवाणूंची वंशावळ झाडासारखी काढणे अवघड. तिच्या फांद्या एकमेकींना पुन्हा पुन्हा जोडल्या जातात, जणू वडाच्या पारंब्या. सगळेच जीवाणू असे नाहीत. ससेक्समध्येच जॉन मेनार्ड स्मिथ, स्प्रॅट प्रभृतींनी १९९३ मध्ये दाखवले, की साल्मोनेलात झाड बऱ्यापैकी टिकते, तर नायसेरियात ही देवघेव भरपूर चालते.

गोष्टीतला न्यूमोनियाही तपासायला हवा. औषध चालते की चालत नाही असे दोनच रकाने फ्लेमिंग यांनी धरले आहेत. पण रक्तातले पेनिसिलिन मेंदूभोवतीच्या पाण्यात फार थोडे उतरते. त्यामुळे एकच न्यूमोकोकस फुप्फुसात असला तर शिरेतून दिलेल्या पेनिसिलिनने बरा होऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणात असला तर होत नाही. म्हणूनच अमेरिकेत २००८ मध्ये याचे निकष वेगळे केले गेले : न्यूमोनियात मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम पेनिसिलिनने वाढ थांबली तरी जीवाणू ‘दाद देणारा’ समजतात, मेंदूज्वरात ०.१२ लागले तरी ‘प्रतिरोधक’. थोडासा प्रतिरोध जिवावर बेततो तो मुख्यतः मेंदूज्वरात. सौ. क्ष कदाचित वाचल्याही असत्या.

मग तात्पर्याचे काय? ‘पुरेसे घ्या’ यात तथ्य आहे. फ्रान्समध्ये १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्या मुलांना कमी मात्रेत आणि जास्त दिवस पेनिसिलिनच्या गटातली औषधे दिली गेली होती त्यांच्या नाकात प्रतिरोधक न्यूमोकोकस अधिक आढळले. २००१ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील चाचणीत, मोठ्या मात्रेत थोडे दिवस दिलेल्या ॲमॉक्सिसिलिनने हे प्रमाण नेहमीच्या दीर्घ उपचारापेक्षा कमी राहिले. म्हणजे मात्रेबाबत फ्लेमिंग बरोबर. पण ‘शेवटच्या गोळीपर्यंत’ हा जो अर्थ आपण त्याला जोडला तो त्यांचा नव्हे, आणि न्यूमोकोकसच्या बाबतीत जास्त दिवस म्हणजे अधिक सुरक्षित असा पुरावा नाही. (क्षयाचे औषध पूर्ण महिने घ्यावेच लागते, तेथे कारण निराळे आहे. वर्गात हे दोन्ही एका दोरीत ओवू नयेत. आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस आपल्या मनाने कमी करावेत असेही आम्ही म्हणत नाही.)

त्याहून मोठा मुद्दा असा, की घशातल्या या रहिवाशांना औषधाचा मार बसतो तो बहुतांशी दुसऱ्याच कोणाच्या नावाने. कान दुखला, सर्दी झाली, गळू आले, औषध गेले. ते घशातल्या न्यूमोकोकसलाही भेटले. अमेरिकेतील बाह्यरुग्णांच्या औषधांचा २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला. पाहिलेल्या नऊ जातींपैकी आठ जातींच्या बाबतीत, त्यांच्यावर पडलेल्या औषधांच्या माऱ्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक मारा त्या रोगकारक नसताना, नुसत्या शेजारी असताना झालेला होता. पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस, पण गरज नसताना घेतलेले औषध या हिशेबात निर्दोष ठरत नाही. फ्लेमिंग यांच्या गोष्टीत या माणसाला पात्रच नाही. खरे तर मुख्य भूमिका त्याचीच, आणि त्याला औषध लिहून देणाऱ्याची.

गोष्टीत एक गोष्ट मात्र अव्वल आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांत नेमकी तीच गळाली : मरतात त्या सौ. क्ष. औषध एकाच्या पोटात जाते आणि परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो, हे फ्लेमिंग यांनी औषध नवे कोरे असतानाच ओळखले. आपल्या तक्त्यांवर ‘तुम्ही औषध अर्धवट सोडलेत तर तुम्हालाच पुढे लागू पडणार नाही’ असे असते. मूळ गोष्ट त्यापेक्षा कितीतरी शहाणी होती.

कॅमेरा निरोगी घशाकडे वळवला की उपायही वेगळे दिसू लागतात. न्यूमोकोकसवरची संयुग्मित लस रोग टाळतेच, शिवाय लसीतल्या प्रकारांचे घशातले बिऱ्हाडही हलवते. प्रतिरोधक वाण त्यांतच अधिक असल्याने त्यांचाही प्रसार घटतो. ही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली मेनिंगोकोकस ‘ए’ची लस २०१० पासून आफ्रिकेत दिली गेली, तेव्हाही तिने साथ रोखली ती घशापासून. जीवाणू अर्थात स्वस्थ बसत नाही. अमेरिकेत न्यूमोकोकसची लस आल्यावर १९ए हा लसीत नसलेला प्रकार पुढे सरसावला. त्यातल्या काहींनी आपले बाहेरचे आवरणही शेजाऱ्याकडून घेतले होते.

राहिली ती आई. तिने न दिलेल्या गोळ्यांनी तो न्यूमोकोकस घडवला, असे म्हणायला आधार नाही. त्याच्या जनुकातली ठिगळे बहुधा मुलाच्या जन्माआधीच, कुठल्या तरी भलत्याच देशातल्या घशात बसलेली असणार, आणि असा तयार वाण कोणत्याही खेळगड्याकडून मुलाच्या नाकात येऊ शकतो. आदल्या वर्षीच्या औषधाने अशा पाहुण्याला जागा करून दिली असेलही. पण ती जागा दिलेल्या गोळ्यांनी होते, न दिलेल्या गोळ्यांनी नव्हे. आम्ही बाईंना पत्राने हे कळवले. आईला ते वाचून दाखवल्याचे त्यांनी उलट लिहिले, आणि एक विचारले : मग हे वर्गात कसे करून दाखवायचे?

आम्ही सुचवले ते असे. प्रत्येक मुलाला पांढऱ्या कागदाची दहा चौकटींची एक पट्टी द्यावी. दोघा-तिघांना निळ्या कागदाची. चिठ्ठी टाकून दर फेरीला काही जोड्या निवडाव्यात आणि प्रत्येक जोडीतल्या एकाने दुसऱ्याच्या दोन शेजारच्या चौकटींची नक्कल, त्याच जागी, त्याच रंगाच्या कागदाने आपल्या पट्टीवर चिकटवावी. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर शिक्षकांनी ‘औषध’ जाहीर करावे : चौथी आणि पाचवी चौकट निळी नसेल त्यांनी खाली बसावे. कोण उभे राहते ते पाहावे, आणि त्यांच्या पट्ट्या फळ्यावर लावून निळे तुकडे कोणाकडून आले त्याचा माग वर्गालाच काढू द्यावा. पट्ट्यांवर फेरीचा आकडा लिहायला विसरू नये, नाहीतर माग लागत नाही. आमच्या पहिल्या खेपेला हाच घोळ झाला होता.